नेट गेलं तरी घर चाललं पाहिजे: घरच्या ऑटोमेशनवर वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी आलेली पत्रं बहुतेक सगळी एकाच विषयावर आहेत. स्मार्ट घर करायचंय, पण कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर नाही, आपल्याच घरात ठेवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं. पत्रं अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची आहेत आणि अडचणी अगदी आपल्याकडच्या, म्हणजे लाईट, नेट, विजा, खारा वारा. म्हणून दुसरे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न (श्रीवर्धनहून एक शिक्षक): घरात वायफायचे प्लग आणि बल्ब आहेत, सगळे कंपनीच्या ॲपवर. पावसात आमच्याकडे नेट दोन-दोन दिवस नसतं, मग ॲपवरून समोरचा दिवासुद्धा लागत नाही. होम असिस्टंटचं नाव ऐकलंय. त्याला काय काय लागतं? जुना लॅपटॉप पडून आहे, तो चालेल का?

उत्तर: चालेल सर, आणि कोकणात तर लॅपटॉपच बरा असं माझं मत आहे. पण आधी दिवा का लागत नाही ते बघू. तुम्ही ॲपमध्ये बटण दाबता तेव्हा निरोप बहुतेक वेळा घरातल्या घरात जात नाही, राउटरमधून बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत तुमच्या घरी येतो आणि मग प्लग चालू होतो, त्यामुळे मधला रस्ता तुटला की सगळं थांबलं. आणि रस्ता शाबूत असताना कंपनीनेच सर्व्हर बंद केला तर? तेही झालेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारा डबा, मे २०१६ मध्ये बंद केला गेला आणि लोकांच्या घरातली चांगली चालणारी मशीन निकामी झाली. इन्स्टिऑन ह्या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले, ग्राहकांना आधी साधी सूचनाही नव्हती.

होम असिस्टंट हा मधला सर्व्हर तुमच्या घरात आणतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट, आणि २०२४ पासून तो ओपन होम फाउंडेशन ह्या ना-नफा संस्थेकडे आहे, म्हणजे उद्या कोणी विकत घेऊन गुंडाळेल ही भीती बरीच कमी.

लॅपटॉप ६४ बिटचा, यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) असलेला आणि ४ जीबी रॅमचा असला की सुरुवातीला भरपूर झालं. फायदा असा की त्याला स्वतःची बॅटरी आहे, लाईट गेली तरी सर्व्हर धाडकन बंद होत नाही. फक्त ती बॅटरी फुगलेली नाही ना हे आधी नीट बघा, फुगली असेल तर काढूनच टाका, त्यात तडजोड नको. होम असिस्टंटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा जुने फोटो आधी काढून घ्या. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा, राउटरमध्ये त्याचा आयपी कायमचा राखून ठेवा, आणि मग घरातल्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे ८१२३ हा पोर्ट लिहिला की पहिलं पान उघडतं. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेणार असाल तर एसडी कार्डाऐवजी एसएसडी लावा. होम असिस्टंट दिवसभर नोंदी लिहीत असतं, न सांगता १० दिवसांचा इतिहास ठेवतं, आणि एवढं लिहिणं साध्या कार्डाला फार काळ झेपत नाही.

आता तुमचे सध्याचे प्लग. काही घरातल्या घरात बोलतात, काही फक्त क्लाउडवरच. विकत घेण्याआधी होम असिस्टंटच्या वेबसाइटवर त्या कंपनीचं पान काढून लोकल लिहिलंय की क्लाउड एवढं बघा. जुन्या प्लगांमध्ये ईएसपी८२६६ चिप असली तर त्यात कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टास्मोटा हे सॉफ्टवेअर टाकून ते क्लाउडपासून कायमचे मोकळे करता येतात, नव्यांमध्ये बऱ्याचदा वेगळी चिप असते, त्यामुळे सगळ्यांना हा उपाय लागू पडेल असं समजू नका.

प्रश्न (ठाण्यात राहणारा, घर गुहागर तालुक्यात): गावी आई-बाबा दोघंच असतात. लाईट आहे का, टाकी भरली का, रात्री बाहेरचा दिवा लागला का एवढं मला ठाण्यातून बघायचंय. नेटवाला म्हणतो पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत वाट उघडून देणं, होणार नाही. आणि आई म्हणते, तू काहीतरी बसवशील आणि माझी बटणं बंद पडतील.

उत्तर: आईचं म्हणणं आधी घेऊ, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. माझा ह्या बाबतीत एकच आग्रह आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो: भिंतीवरचं बटण पूर्वी जसं चालायचं तसंच चाललं पाहिजे, नेट नसताना, सर्व्हर बंद असताना, फोन हरवलेला असताना. म्हणून स्मार्ट बल्ब नको. स्मार्ट बल्बचं बटण कोणी बंद केलं की बल्ब मेला, आणि घरात ज्येष्ठ माणसं असली की बटण बंद होणारच, त्यांचं काहीच चुकत नाही. त्यापेक्षा बोर्डाच्या मागे बसणारा छोटा रिले मॉड्यूल घ्या, ज्याला जुनंच बटण जोडता येतं. बटण दाबलं की रिले तिथल्या तिथे बदलतो, सर्व्हरला विचारायला जात नाही, सर्व्हरला फक्त कळतं की दिवा लागला. ह्या मॉड्यूलला न्यूट्रल लागते. प्लग पॉइंट असलेल्या बोर्डात ती असते, नुसती बटणं असलेल्या बोर्डात बऱ्याचदा नसते, वायरमनला आधी बोर्ड उघडून बघायला सांगा आणि मगच ऑर्डर द्या. आणि स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिना इथला एक-एक दिवा कुठल्याही मॉड्यूलशिवाय साधाच ठेवा.

पोर्टचं कारण असं की नेटच्या बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक आयपी खूप गिऱ्हाइकांमध्ये वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि मग बाहेरून तुमच्या घराचा दरवाजा सापडतच नाही. तो नाही सापडत हे एका परीने चांगलंच, कारण ८१२३ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकणं हे मी कोणालाच सुचवणार नाही. टेलस्केल वापरा. त्याचं ॲड-ऑन होम असिस्टंटमध्ये आहे, घरचा सर्व्हर आणि तुमचा फोन दोघंही आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्ये वायरगार्डचा कुलूपबंद रस्ता तयार होतो, घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. किंवा नाबू कासा ह्या कंपनीच्या दूरून जोडून देणाऱ्या सेवेची महिन्याची वर्गणी भरा, सोपं आहे आणि तो पैसा होम असिस्टंटच्याच कामाला जातो. दोन्हीपैकी काहीही घ्या पण पासवर्ड लांब ठेवा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

लाईट आहे की नाही हे ओळखायला एक साधी युक्ती: एक स्मार्ट प्लग इन्व्हर्टरवर नसलेल्या, थेट महावितरणच्या लाईनवर लावा, राउटर आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर. प्लग गप्प झाला पण सर्व्हर बोलतोय म्हणजे लाईट गेली, पाच मिनिटं वाट बघून फोनवर निरोप. सर्व्हरच गप्प झाला तर मात्र तो निरोप पाठवू शकत नाही, टेलस्केलच्या यादीत शेवटचा कधी दिसला ते बघायचं, आणि आईला फोन करायचा.

प्रश्न (अलिबागजवळ नागावहून): आमची नारळ-सुपारीची वाडी. विहिरीवर दीड एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल. शिंपण्यासाठी तो वायफायच्या स्विचवर घेतला, काही महिने चांगला चालला, आणि एक दिवस ॲपमध्ये बंद दिसतोय पण पंप चालूच. शेवटी मेन खाली केला. काय झालं असेल?

उत्तर: काका, रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले. मेन खाली केलात ते बरोबर केलंत. त्या स्विचवर १० किंवा १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते दिवा, हीटर असल्या साध्या लोडसाठी. दीड एचपीची मोटर चालताना ८ ते १० अँपिअर घेते पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि बंद होतानाही कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते. रोज थोडं थोडं जळत एक दिवस ते वितळून एकमेकांना चिकटतात. ॲपला हे कळायचा मार्गच नसतो, त्याने बंदचा हुकूम दिला म्हणून तो बंद दाखवतो.

मोटरला कॉन्टॅक्टर पाहिजे, म्हणजे मोटरचा मोठा करंट झेलणारा, कॉइलवर चालणारा स्विच. वायफायचा रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्लाय देईल, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाईल, आणि सोबत ओव्हरलोड रिले असेलच. कॉइलला समांतर एक स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारा छोटा भाग, लावून घ्या, नाहीतर छोटा रिले परत त्रास देतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि तुमचा जुना स्टार्टर काढू नका, एक बायपास स्विच ठेवा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाला भाग मेला तरी पंप हाताने सुरू होईल आणि वाडी सुकणार नाही.

आता ऑटोमेशन कुठे ठेवायचं, हा खरा मुद्दा. बहुतेक जण सगळा हिशोब होम असिस्टंटमध्ये लिहितात: सहा वाजता पंप चालू, साडेसहाला बंद. मग सव्वासहाला वायफाय गेलं तर बंदचा निरोप पोचतच नाही. पंपाच्या बाबतीत बंद करण्याची अक्कल पंपाजवळच्या बॉक्समध्येच हवी. ईएसपी३२ हा छोटा वायफायचा बोर्ड घ्या, त्यात ईएसपीहोम हे होम असिस्टंटशी बोलणारं सॉफ्टवेअर टाका, आणि त्यातच लिहा की चालू झाल्यावर ४० मिनिटांत काहीही झालं तरी बंद, टाकीचा फ्लोट वर आला की बंद, आणि लाईट जाऊन परत आली की बंदच राहायचं. हे शेवटचं विसरू नका, त्याला रिस्टोअर मोड म्हणतात आणि तो ऑलवेज ऑफवर ठेवायचा, नाहीतर मध्यरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो. अजून एक, ईएसपीहोम सर्व्हरशी संपर्क तुटला की ठराविक वेळाने स्वतःला रीबूट करतं. सर्व्हर बंद असताना मध्येच शिंपणं थांबू नये असं वाटत असेल तर ते सेटिंग बंद करा.

एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते तेव्हाचं काय? त्यासाठी पीझेम-००४टी नावाचा छोटा मीटर मिळतो, व्होल्टेज, करंट, वॅट सगळं देतो आणि ईएसपीहोमला जोडता येतो. पाणी असताना पंप किती वॅट घेतो ते आठवडाभर बघून ठेवा, पाणी संपलं की मोटर मोकळी फिरते आणि वॅट ठळक खाली येतात, तेवढ्यावर बंद करायचं. त्याच मीटरवर कमी व्होल्टेजचंही बघून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. कितीला बंद करायचं ते मोटरच्या प्लेटवरचा आकडा बघून वायरमनशी बोलून ठरवा.

टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर लावू का असंही पुढे विचाराल, तर माझं मत साध्या फ्लोट स्विचला आहे. अल्ट्रासॉनिकच्या तोंडाशी टाकीतली वाफ जमते, आणि अगदी जवळचं, वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं, त्यातल्या बऱ्याच सेन्सरांना दिसत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली की नेमकी तिथेच गडबड. किती पाणी आहे हे बघायला अल्ट्रासॉनिक ठेवा हवं तर, बंद करायला फ्लोटच.

प्रश्न (मालवणहून, होमस्टे चालवते): आमचं घर आणि पाहुण्यांच्या खोल्या वेगळ्या, मध्ये अंगण. भिंती चिऱ्याच्या. खोल्यांमधले झिगबी सेन्सर सारखे नेटवर्कमधून गळतात आणि बाहेरचे दोन तर वर्षात गंजले. बाबा म्हणतात, ह्या सगळा कित्याक व्हया?

उत्तर: बाबांना सांगा, पाहुणे खोली उघडी आणि एसी चालू ठेवून समुद्रावर जातात, त्याचं बिल वाचवायला व्हया!

झिगबी ही छोट्या वस्तूंनी वायफायशिवाय एकमेकांशी बोलायची बिनतारी पद्धत, आणि तिचं असं आहे ताई, की बॅटरीवरचा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही, लाईटवर चालणारी वस्तू देते. म्हणून घराच्या त्या बाजूच्या खिडकीजवळ एक झिगबी प्लग आणि खोल्यांच्या ह्या बाजूला एक प्लग लावला की मधला पूल तयार होतो. जांभ्याची जाड भिंत, त्यातून पावसात भिजलेली, सिग्नल बराच खाते, तेव्हा खिडकी-दाराची सरळ रेघ शोधायची. सर्व्हरला लावलेली झिगबीची स्टिक यूएसबी एक्स्टेन्शनने मीटरभर लांब न्या, यूएसबी ३ च्या पोर्टचा रेडिओ गोंगाट नेमका झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. आणि वायफायसुद्धा तिथेच असल्यामुळे वायफाय १ नंबरच्या चॅनलवर आणि झिगबी २५ वर असं लांब लांब ठेवा. चॅनल बदलल्यावर काही सेन्सर परत जोडावे लागतात, तेव्हा हे सीझनमध्ये करू नका.

दोन इमारतींमध्ये नेटची वायर टाकणार असाल तर तांब्याची नको, फायबर टाका. जवळपास वीज पडली की तांब्याच्या लांब वायरीत सर्ज, म्हणजे क्षणभराचा प्रचंड व्होल्टेज, चढतो आणि दोन्ही टोकांची मशीन जातात, फायबरमधून वीज वाहतच नाही. फायबर राउटरला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात, पण तेवढा खर्च करा.

गंजाबद्दल. बाहेरचा बॉक्स आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, घ्या, वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून आत न्या आणि शिरण्याआधी तिला थोडं खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी वळशावरून टपकून जातं. बोर्डावर पीसीबी लॅकरचा हात मारा, पण सेन्सरचं तोंड, बटणं आणि बॅटरीचे कॉन्टॅक्ट सोडून. आत सिलिका जेलची पुडी, ती मेमध्ये बदलायची. बॉक्सला भोक राहिलं की मुंग्या आत घर करतात आणि मागोमाग पाल येते, म्हणून न वापरलेलं भोकही बुजवा. स्क्रू स्टेनलेसचे. एवढं करूनही समुद्रासमोरच्या भिंतीवरची वस्तू आतल्या वस्तूइतकी टिकणार नाही, तेव्हा तिथे स्वस्त आणि पटकन बदलता येईल असंच लावा.

आणि पाहुण्यांच्या खोलीत कॅमेरा किंवा माइक असलेली कुठलीही वस्तू नको, बंद करून ठेवलेलीसुद्धा नको. दाराचा सेन्सर आहे आणि एसी त्याने बंद होतो हे खोलीत पाटी लावून सांगा.

प्रश्न (देवगडहून): कलमांच्या बागेत माकडं आली की फोनवर कळेल असं घरच्या कॅमेऱ्यावर करता येईल का?

उत्तर: अर्धंच. फ्रिगेट नावाचं सॉफ्टवेअर घरच्या घरी कॅमेऱ्यात कोण आलं ते ओळखतं, पण त्याचं साधं मॉडेल ज्या यादीवर शिकवतात त्या ८० वस्तूंमध्ये हत्ती आहे, जिराफ आहे, माकड नाही. ते कधी कुत्रा म्हणेल, कधी माणूस. स्वतःच्या बागेतले भरपूर फोटो देऊन मॉडेल शिकवायची तयारी असेल तर जमेल, नाहीतर आत्ता पैसे घालू नका, राखणदार ठेवा.

प्रश्न (रत्नागिरीहून): पहिल्या पावसात वीज कडाडली आणि राउटर, रास्पबेरी पाय आणि टीव्ही तिन्ही गेले. स्पाइक गार्ड होता. अजून काय करायचं? आणि वादळात लाईट आठवडाभर नसेल तर हे सगळं कितपत चालेल?

उत्तर: स्पाइक गार्ड चांगल्या अर्थिंगशिवाय जवळजवळ काहीच करत नाही, आणि आपल्याकडे कातळावरच्या घरांचं अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतं असतं. आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, लागलं तर नवा खड्डा घ्या, मग मेन डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीत, टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर बसवा. तरीही अगदी जवळ पडलेल्या विजेपुढे ह्यातलं काही टिकेल अशी खात्री कोणी देऊ नये. मळभ येऊन गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं हाच अजून सगळ्यात चांगला उपाय, म्हणून सर्व्हर आणि राउटर एकाच पट्टीवर ठेवा, एक प्लग ओढला की दोन्ही सुटतात. केबल टीव्हीची वायरही ओढायची, सर्ज तिथूनही येतो. जूनची सुरुवात आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, विजांचा जोर ह्याच दोन वेळांना.

वादळाचं बोलायचं तर ३ जून २०२० च्या निसर्गनंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांना आठवडे लाईट नव्हती, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. अशा वेळी ऑटोमेशन चालू ठेवायचा हट्ट नको. हिशोब बघा, रास्पबेरी पाय, राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण २० वॅट धरा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले तर ९०० वॅट-तास, कागदावर ४५ तास, पण इन्व्हर्टर स्वतःसुद्धा खातो त्यामुळे खरे बरेच कमी. आणि तेवढ्याच बॅटरीवर घरातले दिवे, पंखा, फोनचं चार्जिंगही आहे. दुसऱ्या दिवशी सर्व्हर नीट शटडाउन करून बाजूला ठेवायचा. बटणं हाताने चालताहेत ना, मग झालं. रोजच्या तासा-दोन तासांच्या लाईट जाण्याला राउटरचा छोटा डीसी यूपीएस पुरतो.

प्रश्न (चिपळूणहून): तळमजल्यावर पाण्याचा सेन्सर लावला तर पुराची आधी सूचना मिळेल का?

उत्तर: नाही, आणि त्यावर अजिबात विसंबू नका. २२ जुलै २०२१ ला पाणी ज्या वेगाने चढलं त्यात सेन्सर भिजेपर्यंत उशीर झालेला असतो, शिवाय लाईट आणि नेट आधीच गेलेलं. सूचना प्रशासनाची आणि नदीकाठच्या माणसांची. तुम्ही एवढंच करा की सर्व्हर, राउटर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर, आणि तळमजल्याचा एमसीबी वेगळा.

प्रश्न (सावंतवाडीहून): माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, सुट्टीवर आले की घरात हे सगळं बसवतात आणि मग सहा महिने बोटीवर. मागे काही बिघडलं तर मी आणि सासूबाई काय करणार?

उत्तर: ताई, हा प्रश्न त्यांच्याकडून उत्तर घेण्याचा आहे, ते जायच्या आधी. त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या आणि डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: कुठला एमसीबी कशाचा, पंपाचा बायपास स्विच कुठे, सर्व्हर नीट बंद कसा करायचा, वायरमनचा नंबर. बॅकअप रोज आपोआप होतो का ते विचारा, आणि तो त्याच मशीनवर नको, पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवा. होम असिस्टंटचा आपोआप होणारा बॅकअप हल्ली कुलूपबंद असतो, त्याची किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ, ती छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा, किल्ली नसेल तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही. ते बोटीवर असताना अपडेट करायचे नाहीत, न विचारता होणारे असतील तर तेही बंद.

आणि सुट्टी संपायच्या आठवडाभर आधी, ते घरात असताना, सर्व्हर सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण बंद ठेवायला लावा. दिवसभर सासूबाईंनी आणि तुम्ही नेहमीसारखं घर चालवायचं, पंप, दिवे, गीझर, गेट, आणि जे जे अडेल ते लिहून ठेवायचं. ती यादी त्यांच्या हातात द्या, उरलेल्या दिवसांत नवीन काहीही बसवायचं नाही, आधी ती यादी संपवायची.